क्रॅकपासून एटीएमपर्यंत : ट्रोजन आपल्या पीसीत काय करतो

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या दिवशी काही माणसे कोल्हापुरातल्या वेगवेगळ्या एटीएमसमोर उभी राहून एकामागून एक कार्डे यंत्रात सरकवत होती. कार्डे बनावट होती, तरी यंत्र नोटा मोजून देत होते. पोलिस तपासात पुढे आलेला हिशेब असा : ९५ कार्डे आणि सुमारे ८९ लाख रुपये. त्याच दिवशी मुंबई, इंदूर अशा शहरांत आणि जगातल्या २८ देशांत हाच प्रकार चालू होता. परदेशात सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी गेले, देशात २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी. रविवार गेला आणि सोमवारी, १३ ऑगस्टला, हाँगकाँगमधल्या एका खात्यात जवळपास १४ कोटी वळवले गेले. बँक होती पुण्याची कॉसमॉस, १९०६ साली स्थापन झालेली, महाराष्ट्रातल्या सहकाराचा अभिमान असलेली. एकूण नुकसान ९४ कोटी ४२ लाख.

एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र आधी बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या संगणकाला विचारते. स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो, खात्यात पैसे असले की होकार त्याच वाटेने परत येतो. कॉसमॉसमध्ये चोरांनी मालवेअरच्या मदतीने या वाटेवर आपला एक बनावट स्विच बसवला. एटीएमचा प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत गेलाच नाही, होकार मधूनच मिळत राहिला. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यातून एक रुपयाही वजा झाला नाही, सगळा फटका बँकेला बसला. अशा प्रकारच्या एटीएम हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या एका मालवेअरची चिरफाड सिमँटेक या सुरक्षा कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्याचे नाव ठेवले ‘ट्रोजन.फास्टकॅश’. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात कॉसमॉसच्या दरोड्याबद्दल उत्तर कोरियाकडे बोट दाखवले. इकडे पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली. ही माणसे साखळीच्या शेवटच्या कडीतली होती, हातात कार्ड धरणारी.

कोल्हापूरने साखळीचे हे शेवटचे टोक पाहिले आणि त्याच्या बातम्याही भरपूर वाचल्या. पहिल्या टोकाबद्दल मात्र इथे फारसे कोणी बोलत नाही. ते टोक बहुतेक वेळा एखाद्या साध्या पीसीत असते : अडत पेढीवरच्या, कर सल्लागाराच्या ऑफिसातल्या, सेवा सोसायटीच्या सचिवासमोरच्या किंवा मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या. या लेखात आढावा त्या टोकाचा आहे.

बोलताना आपण सगळ्यालाच ‘व्हायरस’ म्हणतो. बोलायला ते चालते, पण बचाव करायचा तर फरक माहीत हवा. व्हायरस दुसऱ्या फाइलींना चिकटून आपल्या प्रती काढतो. वर्म नेटवर्कमधल्या फटींतून स्वतःच पसरत जातो. ट्रोजन यातले काहीच करत नाही. तो उपयोगाची वस्तू बनून येतो आणि वापरणाऱ्याने त्याला स्वतःच्या हाताने चालू करावे लागते. म्हणून ट्रोजनचा विचार यंत्रापासून सुरू करून भागत नाही. तो माणसापासून सुरू करावा लागतो : त्या क्षणी त्याला कसली घाई होती, कसला मोह होता, कोणाची भीती होती.

ही युक्ती पीसीइतकीच जुनी आहे. डिसेंबर १९८९ मध्ये लंडनहून सुमारे २० हजार फ्लॉपी टपालाने जगभर गेल्या. वर लिहिले होते, एड्सविषयी माहिती. फ्लॉपीत खरोखरच एक प्रश्नावली होती. ती बसवली की सोबत दुसरेही काही बसायचे आणि संगणक साधारण ९० वेळा चालू झाला की फाइलींची नावे गूढ होऊन पडद्यावर १८९ डॉलरची मागणी यायची, पत्ता पनामातल्या टपालपेटीचा. आजच्या रॅन्समवेअरचा सगळा आराखडा इंटरनेट घरोघरी पोचण्याआधी तयार होता. १९९८ पासून बॅक ऑरिफिस, नेटबस, सबसेव्हन अशा ट्रोजनांनी दुसऱ्याचा पीसी दुरून चालवता येतो हे दाखवून दिले. २००७ च्या सुमारास झ्यूस आला आणि रोख नेटबँकिंगकडे वळला. २०१४ मध्ये इमोटेट आला, त्याने पुढे ट्रोजन हा सरळ भाड्याने देण्याचा धंदा केला. संक्रमित पीसींची यादी हाच त्याचा माल. अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून जानेवारी २०२१ मध्ये त्याची यंत्रणा ताब्यात घेतली, तरी त्याच वर्षाअखेर तो पुन्हा दिसू लागला.

आत शिरण्याची सर्वांत जुनी आणि अजूनही चालणारी वाट म्हणजे ईमेल. जुलै २०१६ मध्ये युनियन बँकेतून सुमारे १७ कोटी डॉलर बाहेर वळवण्याचा प्रयत्न झाला. सुरुवात झाली होती एका कर्मचाऱ्याने उघडलेल्या, रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारख्या दिसणाऱ्या ईमेलच्या जोडपत्रापासून. बँकेने वेळीच धावपळ करून पैसे अडवले. बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेला तेवढे जमले नाही. तिथे नोकरी मागणाऱ्या एका उमेदवाराचा बायोडेटा म्हणून मालवेअर आत गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर गेले. दोन्हीकडे दार उघडले ते रोजचे काम करणाऱ्या माणसाने. रिझर्व्ह बँकेचे पत्र न उघडणारा बँक कर्मचारी आणि बायोडेटा न पाहणारा भरती अधिकारी कुठे सापडेल?

आपल्याकडे या ईमेलचे रूप जीएसटीची नोटीस, आयकराचा परतावा, कुरिअरची पावती, ‘पेमेंट अॅडव्हाइस’ असे असते. महिन्याच्या वीस तारखेला विवरणपत्र भरायची गडबड असलेल्या अकाउंटंटने जीएसटीच्या नावाचे जोडपत्र उघडले तर त्याला बेफिकीर म्हणता येत नाही. चोराला कॅलेंडर माहीत असते. फाइल बहुधा वर्डची किंवा एक्सेलची असायची आणि उघडली की वर पिवळी पट्टी यायची, ‘एनेबल कंटेंट’. त्यावर टिचकी मारली की आतला मॅक्रो, म्हणजे फाइलीत दडलेला छोटा प्रोग्रॅम, चालू व्हायचा आणि खरे मालवेअर कुठल्याशा सर्व्हरवरून खाली उतरवायचा. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा चोर झिप, आयएसओ आणि शॉर्टकट फाइलींकडे वळले. शिवाय विंडोज ओळखीच्या फाइलींचे शेपूट मुळातच लपवते. त्यामुळे ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल पडद्यावर ‘बिल डॉट पीडीएफ’ एवढीच दिसते, चिन्हही पीडीएफचेच लावलेले असते. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करायला अर्धे मिनिट लागते. ते प्रत्येक पीसीवर आजच करून टाकावे.

आता कोल्हापूरच्या सवयीकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच आहे.

राजारामपुरी असो की शाहूपुरी, पीसी दुरुस्तीला नेला की ठरलेले संवाद ऐकू येतात. ‘स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या.’ ‘विंडोज टाकून देतो, ऑफिस टाकून देतो, फोटोशॉप पाहिजे का?’ फॉरमॅटच्या मजुरीत हे सगळे येते. विंडोज खरी नसते, ती एखाद्या ‘अॅक्टिव्हेटर’ने खरी असल्यासारखी केलेली असते. डीटीपी सेंटरमध्ये मराठी फॉन्टचे पॅकेज क्रॅक केलेले, पेढीवर हिशेबाचे सॉफ्टवेअर क्रॅक केलेले, फौंड्रीत साच्यांची ड्रॉइंगे काढायचे सॉफ्टवेअरही तसेच. यामागे लबाडीच असते असे मला वाटत नाही. लहान धंद्याला परवान्याची किंमत झेपत नाही, आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटर इथे आला तोच अशा सीडींबरोबर. पण ट्रोजन पसरवणाऱ्याला याहून सोयीची परिस्थिती मिळणार नाही.

क्रॅक बसवताना आपण काय करतो ते टप्प्याटप्प्याने पाहा. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ असते : अँटिव्हायरस बंद करा. तो आपण बंद करतो. मग सांगितले जाते : ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ करा. आपण करतो. विंडोज विचारते, या अनोळखी निर्मात्याच्या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का? आपण ‘येस’ म्हणतो. काही वेळा तर ते फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून कायमचे वगळायलाही सांगितले जाते, तेही आपण करतो. पहारेकऱ्याला सुट्टी, तिजोरीची चावी आणि परत कधी चौकशी न करण्याचे वचन असे तिन्ही आपण एका अनोळखी माणसाला देऊन बसतो. सॉफ्टवेअर चालू होते म्हणून समाधान वाटते. ते चालू होणारच, कारण चालू झाले नाही तर तुम्हाला संशय येईल.

याचे दाखले भरपूर आहेत. ‘केएमएसपिको’ हे नाव दुरुस्ती करणाऱ्या बहुतेकांना माहीत असेल, विंडोज आणि ऑफिस फुकट चालू करून देणारे साधन. २०२१ मध्ये रेड कॅनरी या कंपनीने दाखवून दिले की या नावाच्या बनावट इन्स्टॉलरमधून ‘क्रिप्टबॉट’ नावाचा माहितीचोर पसरत आहे. याहून जास्त घरे पोळली ती ‘स्टॉप’ उर्फ ‘डीजेव्हीयू’ या रॅन्समवेअरने. ते मुख्यतः क्रॅक आणि कीजेनमधूनच यायचे. एके दिवशी सगळ्या फोटोंच्या, सगळ्या बिलांच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरे लागलेली दिसायची आणि एका चिठ्ठीत मागणी : ९८० डॉलर, ७२ तासांत दिले तर निम्मे. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने जुन्या प्रकारांसाठी फुकट उलगडा करणारे साधन काढले, पण नंतरच्या बहुतेक प्रकारांत इलाज नाही. लोकांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट याहून वाईट आहे. अनेकदा या रॅन्समवेअरसोबत पासवर्ड चोरणारा दुसरा ट्रोजनही आलेला असायचा. फाइली गेल्या म्हणून माणूस फॉरमॅट मारून मोकळा व्हायचा आणि त्याचे पासवर्ड मात्र केव्हाच बाहेर पोचलेले असायचे.

पेन ड्राइव्हची वाट आता अरुंद झाली आहे. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजमध्येही पेन ड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्रॅम चालू होणे बंद केले. पण झेरॉक्स सेंटरवर प्रिंटसाठी दिलेल्या पेन ड्राइव्हमधले फोल्डर गायब होऊन त्यांचे शॉर्टकट उरल्याचा अनुभव कॉलेजच्या पोरांना अजून येतो. मूळ फोल्डर लपवलेले असतात. शॉर्टकटवर टिचकी मारली की फोल्डरही उघडतो आणि मागे मालवेअरही चालू होते. त्याच पेन ड्राइव्हने ते घरच्या पीसीत जाते.

सगळ्यात नवी वाट मला सगळ्यात धोकादायक वाटते, कारण तिच्यात फाइलच नसते. एखादी वेबसाइट उघडली की ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ अशी चौकट येते. सिद्ध कसे करायचे? विंडोजचे बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. चित्रे ओळखायच्या चौकटींना आपण इतके सरावलो आहोत की हेही करून टाकतो. प्रत्यक्षात वेबसाइटने आपल्या क्लिपबोर्डवर एक आज्ञा गुपचूप ठेवलेली असते आणि आपण ती स्वतःच्या हाताने चालवतो. २०२४ पासून ही पद्धत फोफावली. ‘लुमा’ नावाचा माहितीचोर याच वाटेने खूप पसरला. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्यावर कारवाई केली तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत जगभर ३ लाख ९४ हजार विंडोज पीसी त्याने ग्रासल्याचे जाहीर केले. कोणतीही खरी वेबसाइट तुम्हाला ‘रन’ची चौकट उघडायला सांगत नाही. घरातल्या आजोबांपासून आठवीतल्या मुलीपर्यंत सगळ्यांना हे वाक्य पाठ करून घ्यावे.

आत आल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय घडते? आधी येतो तो तुकडा अगदी लहान असतो, त्याचे काम खरा माल उतरवून घेण्याचे. तो माल बहुतेक वेळा वापरकर्त्याच्या ‘अॅपडेटा’ किंवा ‘टेम्प’ फोल्डरमध्ये जाऊन बसतो, कारण तिथे लिहायला विशेष परवानगी लागत नाही. मग तो आपली कायमची सोय करतो. रजिस्ट्रीतल्या ‘रन’ यादीत नाव घालतो किंवा टास्क शेड्युलरमध्ये एखाद्या अपडेटरसारखे नाव घेऊन नोंद करतो. पीसी बंद करून चालू केला तरी तो परत येतो तो यामुळे. पुष्कळ ट्रोजन विंडोजच्याच एखाद्या प्रामाणिक प्रक्रियेत आपला कोड घुसवतात. टास्क मॅनेजर उघडून पाहिले तरी ओळखीचीच नावे दिसतात. शेवटी तो बाहेरच्या सर्व्हरला हाक मारतो आणि हुकमाची वाट पाहतो. हे बोलणेही ब्राउझर बोलतो तशाच गुप्त जोडणीतून होते, म्हणून राउटरला त्यात काही वावगे दिसत नाही.

पुढे काय होईल हे त्या पीसीवर काय सापडते त्यावर ठरते. माहितीचोर प्रकारातला ट्रोजन काही मिनिटांत काम उरकून स्वतःला पुसूनही टाकतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील, डेस्कटॉपवरच्या ‘पासवर्ड’ नावाच्या एक्सेल फाइली तो उचलतो. त्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे कुकी. आपण जीमेलमध्ये एकदा ओटीपी देऊन शिरलो की पुढे रोज ओटीपी मागितला जात नाही, कारण ब्राउझरजवळ ओळखीची खूण असते. ती खूण चोराने आपल्या संगणकावर नेली की पासवर्डही नको आणि ओटीपीही नको, तो आत असतो. ‘ओटीपी कोणाला देत नाही, मग मला काय होणार’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

नेटबँकिंगच्या ट्रोजनांची रीत वेगळी. झ्यूससारखे ट्रोजन बँकेचे पान पडद्यावर येण्याआधी त्यात स्वतःची चौकट घालतात, त्या प्रकारातल्या काहींनी तर चोरी झाल्यावरही खातेदाराला जुनीच शिल्लक दाखवली. म्हणजे कॉसमॉसच्या स्विचवर जे घडले तेच इथे लहान प्रमाणात घडते : विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्या मधे तिसरा बसतो. एसएमएसचा ओटीपी आडवा आला तर तोही मिळवायची सोय २०१० पासून आहे. तेव्हा झ्यूसची मोबाइल आवृत्ती आली होती. आज तेच काम लग्नपत्रिका, वाहनाचे ई-चलन किंवा सरकारी योजनेचा अर्ज म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या एपीके फाइली करतात. पीसीने पासवर्ड दिला आणि फोनने ओटीपी दिला की दोन्ही अर्धुके जुळतात.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या निर्यातदारांना आणखी एका प्रकाराची भीती बाळगायला हवी. ‘एजंट टेस्ला’सारखे ट्रोजन २०१४ पासून बाजारात आहेत, ते कळफलकावर दाबलेले प्रत्येक अक्षर आणि पडद्याची चित्रे बाहेर पाठवतात. चोर घाई करत नाही. तो परदेशी ग्राहकाशी चाललेला पत्रव्यवहार वाचत राहतो आणि बिल जाण्याची वेळ आली की त्याच धाग्यात, त्याच भाषेत, बँक खाते बदलल्याचा ईमेल टाकतो. माल जातो, पैसे तिसऱ्याच खात्यात जमा होतात, आणि कळते ते ग्राहकाला आठवणीचा फोन केल्यावर. खाते बदलल्याचा ईमेल आला किंवा गेला, तर आधीपासून ठाऊक असलेल्या नंबरवर बोलल्याशिवाय एक पैसाही हलवू नये. हा नियम फौंड्रीच्या ऑफिसात भिंतीवर लावावा इतका महत्त्वाचा आहे.

पैशांपलीकडचे नुकसान कसे असू शकते याचे उदाहरणही महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात आहे. भीमा कोरेगाव प्रकरणी पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये कार्यकर्ते रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त केला. त्यात सापडलेली पत्रे हा आरोपांचा महत्त्वाचा आधार झाला. बचाव पक्षाच्या वतीने तपासणी करणाऱ्या अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढे आलेल्या अहवालात म्हटले की १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या व्यक्तीच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधून या संगणकात ‘नेटवायर’ हा ट्रोजन बसला, बाहेरचा कोणीतरी सुमारे २२ महिने तो हाताळत होता आणि ती पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये त्यानेच ठेवली. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत, आणि निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. मला इथे नोंदवायचे आहे ते एवढेच : नेटवायर हे काही हेरखात्याचे दुर्मिळ हत्यार नव्हते. ते वर्षानुवर्षे एका वेबसाइटवर उघड विकले जात होते. मार्च २०२३ मध्ये एफबीआयने ती वेबसाइट जप्त केली. ट्रोजन फाइल वाचू शकतो तसा फाइल ठेवूही शकतो, आणि ती लॅपटॉपच्या मालकाच्या नावावर जमा होते.

माझ्या पीसीत ट्रोजन आहे हे ओळखायचे कसे, असा प्रश्न नेहमी येतो. पंखा विनाकारण जोरात फिरणे, अँटिव्हायरस आपोआप बंद पडलेला दिसणे, ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलणे, आपल्या नावाने लोकांना ईमेल जाणे ही चिन्हे खरी आहेत. पण चांगला ट्रोजन यातले एकही दाखवत नाही. ‘स्लो झाला नाही म्हणजे स्वच्छ आहे’ हा समज सोडून द्यावा.

अँटिव्हायरसबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. एक, तो घातला की झाले. दुसरे, तो कंपन्यांचा पैसे काढायचा उद्योग. दोन्ही चूक. आपल्याकडे या क्षेत्राला मोठा वारसा आहे. सातारा जिल्ह्यातून आलेले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान चालवत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतले व्हायरस पाहून धाकट्या भावाने, संजय यांनी, १९९० च्या दशकात त्यांच्यावर उतारा लिहिला आणि त्यातून क्विक हील उभी राहिली, जी २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर विंडोजसोबतच मिळतो आणि घरच्या वापराला तो पुरेसा आहे. मात्र कोणताही अँटिव्हायरस मालकानेच बंद केला तर काही करू शकत नाही, आणि कालच तयार झालेला नमुना त्याला आज ओळखता येईलच असे नाही. त्याहून मोठा प्रश्न जुन्या विंडोजचा. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. तरीही अनेक कार्यालयांत त्या चालूच आहेत, आणि ‘अपडेटने क्रॅक उडतो’ म्हणून अपडेटही बंद ठेवलेले असतात.

संशय आला तर क्रम महत्त्वाचा. आधी इंटरनेट तोडा, वायर काढा किंवा वायफाय बंद करा. पासवर्ड बदला, पण त्याच पीसीवरून नव्हे. स्वच्छ असलेल्या दुसऱ्या यंत्रावरून बदला आणि प्रत्येक खात्यात ‘सगळीकडून साइन आउट’ करा, नाहीतर चोरलेली कुकी चालूच राहते. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, तोच राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलचा आर्थिक फसवणुकीसाठीचा क्रमांक. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी अडवता येतात ते पहिल्या काही तासांत. बँकेलाही लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षीच्या डिसेंबरातल्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर तोटा येत नाही. ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला तर मात्र कळवेपर्यंतचा भार त्याच्यावर. पोलिसांत तक्रार देण्याआधी फॉरमॅट मारू नका, पुरावा त्यातच असतो. तक्रार झाली, गरजेची कागदपत्रे निघाली की मग पूर्ण फॉरमॅट करून नवी विंडोज घाला. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर २०१७ पासून सफाईची फुकट साधने मिळतात. किरकोळ संसर्गाला ती उपयोगी आहेत, पण बँकेचे काम होणाऱ्या पीसीवर मी सफाईवर विसंबणार नाही.

खर्चाचा मुद्दा खरा आहे, म्हणून शेवटी त्याबद्दलच लिहितो. पत्रे आणि हिशेबाचे तक्ते लिब्रेऑफिसमध्ये विनामूल्य होतात. मराठी टंकलेखन विंडोजमध्येच आहे आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’सारखा देखणा युनिकोड फॉन्ट कोणालाही फुकट वापरता येतो. रोजच्या कामासाठी अॅडमिनिस्ट्रेटर नसलेले साधे खाते काढायला पैसे लागत नाहीत, आणि नकळत चालू झालेल्या प्रोग्रॅमचा हात त्याने बराच आखडतो. आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर नक्कल घेऊन ती डिस्क काढून ठेवली की रॅन्समवेअरची चिठ्ठी कचऱ्यात टाकता येते. पेढीवर दोन पीसी असतील तर एक फक्त बँकेसाठी ठेवावा, त्यावर ईमेल नको, गाणी नकोत, पेन ड्राइव्ह नको.

आणि शहरातल्या कॉम्प्युटर विक्रेत्यांना, दुरुस्ती करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. गिऱ्हाइकाने मागितले तरी अॅक्टिव्हेटर टाकून देऊ नका. खऱ्या विंडोजची किंमत बिलात वेगळी दाखवा आणि परवडत नसेल त्याला लिनक्स घालून, चालवायला शिकवून पाठवा. गिऱ्हाइकांनीही पुढच्या वेळी पीसी परत घेताना एकच प्रश्न विचारावा : यात टाकलेले कुठले सॉफ्टवेअर क्रॅक आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्या पीसीवरून बँकेचे खाते उघडू नका.